वर्तुळाचा हिशेब चुकत नाही

वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या दक्षिण अंगाला गुहागर तालुक्यातलं अंजनवेल आहे. तिथला वीजप्रकल्प दाभोळ पॉवर कंपनीने उभारला. त्याचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, आणि २००५ पासून त्याची सूत्रं रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आहेत. या प्रकल्पाच्या राजकारणावर आणि पैशावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं. आतल्या यंत्रांविषयी मात्र कोणी फारसं लिहिलं नाही, आणि मला तीच यंत्रं सगळ्यात जास्त थक्क करतात.

तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीचे सहा गॅस टर्बाइन आहेत. आपल्या विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तनं. तिच्याशी ताल जुळवायचा तर टर्बाइनचा रोटर सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे मिनिटाला ३,०००. या वेगात अक्षापासून एक मीटर अंतरावर एक किलोचा धातूचा तुकडा बसवला, तर त्याला बाहेर खेचणारी ओढ जवळजवळ दहा टन वजनाइतकी होते. टर्बाइनची पाती हीच ओढ सोसतात. प्रत्येक पातं चकतीच्या कडेला कोरलेल्या एका खाचेत बसलेलं असतं. खाच आत जाता जाता अरुंद होते आणि तिच्या दोन्ही भिंतींना दाते असतात. पात्याचं मूळ त्याच आकाराचं असतं, आणि ते त्या दात्यांवर आपला सगळा भार टाकतं.

आता त्या चकतीच्या कडेकडे नीट पाहा. समजा तिच्यावर ९२ खाचा आहेत. सगळ्या एकसारख्या आणि सारख्या अंतरावर असायला हव्यात. पहिल्या खाचेपासून निघून ब्याण्णव पावलं टाकली की पुन्हा बरोबर पहिल्या खाचेवरच यायला हवं. पावलं थोडी जरी लहानमोठी पडली, तरी पात्यांमधल्या फटी असमान होतात आणि चकतीचा तोल ढळतो. सेकंदाला ५० फेरे मारणाऱ्या चकतीला तोल ढळलेला परवडत नाही.

मग ही पावलं टाकायची कशी? चकती एका खाचेपुरती फिरवायची, घट्ट धरायची, खाच कापायची, सोडायची आणि पुन्हा तेवढीच फिरवायची. कारखान्याच्या भाषेत याला इंडेक्सिंग म्हणतात. हे काम करणारा यंत्राचा फिरता भाग म्हणजे इंडेक्सिंग अक्ष. आज संगणक त्याला हुकूम देतो, पण त्याचं खरं सामर्थ्य संगणकाहून फार जुन्या एका गोष्टीत आहे. ती गोष्ट म्हणजे वर्तुळ.

कोन मोजण्याची भाषा मराठी माणसाला पंचांगातून ठाऊक आहे. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. ग्रहांच्या गतीचे हे हिशेब आपल्याकडे शतकानुशतकं कसे होत आले, त्याचा इतिहास मराठीत सांगणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांचा जन्म १८५३ सालचा, आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये छापला गेला. ज्या विकलांमध्ये ज्योतिषी ग्रह मोजत, त्याच विकलांमध्ये आज यंत्राचा फिरता अक्ष तपासला जातो.

एक विकला म्हणजे किती? एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कडेवर एका विकलेचं अंतर सुमारे ४.८५ मायक्रॉन भरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत चौदा विकला मावतात. चांगल्या इंडेक्सिंग टेबलाची चूक चार-पाच विकलांच्या आत असते.

हाताने हे काम कसं होत असे, ते आजही आयटीआयच्या मशिनिस्ट ट्रेडमध्ये शिकवतात. मिलिंग मशिनवर डिव्हायडिंग हेड बसवतात. त्याच्या पोटात एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला शाफ्ट, आणि चाळीस दात्यांचं वर्मव्हील असतं. बाहेरचा दांडा चाळीस वेळा फिरवला की जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, एकदा फिरतो. म्हणजे दांड्याचा एक फेरा म्हणजे जॉबचे नऊ अंश. दांड्यामागे एक गोल प्लेट असते आणि तिच्यावर एकाबाहेर एक अशा वर्तुळांत भोकं पाडलेली असतात. एका वर्तुळात १५, दुसऱ्यात १६, पुढच्या प्लेटवर २१, २३, २७ असं. दांड्याच्या टोकाला स्प्रिंगची पिन असते, ती हव्या त्या भोकात बसवायची.

आपल्या ९२ खाचांचा हिशेब या प्लेटवर करून पाहू. चाळीस भागिले ब्याण्णव. अपूर्णांकाला संक्षेप दिला की उरतो १०/२३. म्हणजे २३ भोकांचं वर्तुळ निवडायचं आणि दर वेळी दहा भोकं पुढे जायचं. शिकणाऱ्या पोराची पहिली चूक इथेच होते. पिन ज्या भोकात आहे तेच तो एक म्हणून मोजतो, आणि दहाऐवजी नऊच घरं पुढे जातो. म्हणून प्लेटवर दोन पात्यांचा सेक्टर आर्म असतो. एकदा तो दहा घरांना लावला की मोजायची गरज उरत नाही. पिन काढायची, दांडा पुढच्या पात्यापर्यंत न्यायचा, पिन सोडायची, आर्म सरकवायचा. स्पिंडल घट्ट करायचा, कापायचं. असं ब्याण्णव वेळा केलं की दांड्याचे बरोबर चाळीस फेरे होतात आणि पिन पहिल्या भोकात परत येते.

यातली एक गोष्ट सहज निसटते. ३६० भागिले ९२ हा दशांशात न संपणारा आकडा आहे, ३.९१३०४३४७८ आणि पुढे अखंड. तेवीस भोकांच्या लोखंडी प्लेटला मात्र त्याची काही अडचण नाही. तिच्यात १०/२३ हा अपूर्णांक जसाच्या तसा आहे, कुठेही छाटलेला नाही. अपूर्णांक भोकांमध्ये साठवण्याची ही युक्ती इतकी साधी आहे की तिचं मोल लगेच लक्षात येत नाही.

या युक्तीमागे एक मोठी परंपरा आहे. अठराव्या शतकात खलाशांना समुद्रावर आपली जागा ठरवायला सेक्स्टंट हे कोन मोजणारं उपकरण लागे, आणि त्याच्या चापावरच्या खुणा जितक्या नेमक्या तितकं जहाज सुरक्षित. लंडनच्या जेसी रॅम्सडेन या कारागिराने या खुणा पाडणारं विभाजन यंत्र बनवलं. त्याचं ४५ इंच व्यासाचं चाक होतं, कडेला २,१६० दाते आणि त्यांत गुंतलेला एक स्क्रू. स्क्रूचे सहा फेरे म्हणजे चाकाचा एक अंश, एक फेरा म्हणजे दहा कला. ब्रिटनच्या रेखांश मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले. अट अशी की यंत्राची रचना सर्वांसाठी उघडी करायची. ते वर्णन १७७७ मध्ये छापलं गेलं. वर्म, दातेरी चाक आणि मोजून टाकलेली पावलं ही रॅम्सडेनची त्रयी आजच्या संगणकी टेबलाच्या पोटातही सापडते.

संगणकी यंत्रावर सरळ रेषेत जाणारे अक्ष तीन, एक्स, वाय आणि झेड. त्यांच्याभोवती फिरणारे अक्ष अनुक्रमे ए, बी आणि सी. उजव्या हाताचा अंगठा अक्षाच्या अधिक दिशेला धरा, मुठीची बोटं वळतात ती फिरण्याची अधिक दिशा. उभ्या मशिनिंग सेंटरवर, म्हणजे व्हीएमसीवर, बाजूला जोडलेला फोर्थ अ‍ॅक्सिस बहुधा ए असतो. आडव्या मशिनिंग सेंटरच्या, म्हणजे एचएमसीच्या टेबलाखाली बी असतो.

हे फिरते अक्ष दोन जातींचे. एक जात कुठल्याही कोनात थांबू शकते आणि कापता कापताही फिरू शकते. सर्पिल चर, कॅम, प्रोपेलरचं पातं अशा कामांना ती लागते. दुसरी जात खरी इंडेक्सिंगची. ती ठरलेल्या जागांवरच थांबते, बहुतेक वेळा एकेका अंशावर किंवा पाच-पाच अंशांवर, आणि हलते तेव्हा कापत नाही. पहिली जात जास्त हुशार वाटेल. मग कारखानदार दुसरीही का विकत घेतात?

कारण फिरवण्यापेक्षा धरणं कठीण आहे. टेबलाच्या मध्यापासून तीनशे मिलिमीटर अंतरावर कटर धातूत घुसतो तेव्हा तो टेबलाला जोरात पिळतो. वर्म आणि वर्मव्हीलच्या दात्यांत किंचित मोकळीक असतेच, तिला बॅकलॅश म्हणतात. ती कमी करायला दुहेरी लीडचा वर्म वापरतात, वर ब्रेकही लावतात. तरी शेवटी सगळा पीळ मोजक्या दात्यांवर आणि घर्षणावर येतो. इंडेक्सिंग टेबल हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवतं. तिथे टेबलाच्या तळाला एक दातेरी कडं असतं आणि खालच्या बैठकीला त्याच्याच जोडीचं दुसरं. दोन्ही कड्यांचे दाते केंद्राकडून बाहेर पसरलेले असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने दाबा आणि मग कोणाला तरी तुमचे हात बाजूला सरकवायला सांगा. सरकत नाहीत, कारण प्रत्येक बोट दोन बोटांमध्ये पाचर होऊन बसलेलं असतं. टेबलाचे ३६० दाते असेच एकमेकांत बसतात. जर्मन तंत्रज्ञ अल्बर्ट हिर्थ यांच्या नावाने या जोडणीला हिर्थ कपलिंग म्हणतात. काही कंपन्यांच्या गॅस टर्बाइनमध्ये रोटरच्या चकत्या एकमेकींना जोडतात त्याही अशाच दात्यांनी.

एचएमसीवरचा ऑपरेटर प्रोग्रॅममध्ये फक्त ‘बी ९०’ एवढंच लिहितो. तेवढ्या दोन शब्दांत काय काय घडतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. त्याआधी टूल जॉबपासून दूर नेलेलं असावं लागतं. मग हायड्रॉलिक तेलाचा दाब उलटतो आणि टेबल काही मिलिमीटर वर उचललं जातं. दाते सुटतात. ‘टेबल वर आहे’ असा संदेश एका स्विचकडून येतो, आणि तो आला तरच सर्व्होमोटर वर्म फिरवायला लागते. मोटर नव्वद अंशांच्या अगदी जवळ नेऊन थांबते. तेलाचा दाब टेबल खाली खेचतो. दाते आपापल्या खाचांत उतरतात आणि मोटरकडून काही विकलांची चूक राहिलीच असेल तर उतरता उतरता दाते ती दुरुस्त करतात. त्या क्षणी मोटर आपला हट्ट सोडून देते, कारण आता शेवटचा शब्द दात्यांचा असतो. पुढे क्लॅम्प पूर्ण झाल्याचा संदेश येतो आणि मगच स्पिंडलला पुढे सरकायची परवानगी मिळते. पाहणाऱ्याला फक्त एक खट् असा आवाज ऐकू येतो.

दात्यांमध्ये एखादी चिप, म्हणजे कापताना उडालेली धातूची कपची, अडकली तर? टेबल पूर्ण बसत नाही, क्लॅम्पचा संदेश येत नाही आणि यंत्र अलार्म देऊन थांबतं. हा धोका टाळायला तीन कड्यांची रचना निघाली. तिच्यात टेबल उचललं जातच नाही. टेबलाचं कडं आणि बैठकीचं कडं शेजारी शेजारी असतात, आणि खालून येणारं तिसरं कडं दोघांना एकाच वेळी पकडतं. त्यामुळे कूलंट आणि चिप्स आत जायला फट उरत नाही.

हिर्थच्या दात्यांचं खरं नवल मात्र अचूकतेत आहे. ३६० दात्यांपैकी प्रत्येक दाता थोडा चुकलेला असतो. कोणी अर्धी विकला पुढे, कोणी एक विकला मागे. पण कडी जोराने दाबली की एकाच वेळी सगळे दाते टेकतात. पुढच्यांची चूक मागच्यांच्या चुकीने खोडली जाते आणि टेबल या सगळ्यांच्या सरासरीवर बसतं. चुका अशा विखुरलेल्या असतील तर त्यांची सरासरी दात्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पटीने कमी होते. ३६० चं वर्गमूळ सुमारे १९. म्हणजे एकेका दात्यापेक्षा सगळे मिळून जवळजवळ एकोणीस पट नेमके. शिवाय उत्तम कडी घडवताना जोडीतली एक दुसरीवर बारीक पावडर लावून घासतात, एका दात्याइतकी फिरवतात, पुन्हा घासतात. असं करत सगळं वर्तुळ फिरून आलं की प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटलेला असतो. उंचवटे झिजतात आणि उरलेली चूक सगळ्यांत सारखी वाटली जाते. अमेरिकेतल्या मूर या कंपनीने १,४४० दात्यांचं इंडेक्स याच तत्त्वावर बनवलं. त्याची अचूकता विकलेच्या दहाव्या भागाइतकी आहे, आणि जगभरच्या मोजमाप प्रयोगशाळा ते कोनाचं प्रमाण म्हणून वापरतात.

या दात्यांना एक मर्यादा आहे. एका अंशाच्या टेबलावर १२, १८, ४०, ७२ किंवा ९० भाग होतात, कारण ३६० ला त्यांनी पूर्ण भाग जातो. सात भाग होत नाहीत. ब्याण्णवही होत नाहीत. साडेतीन अंशांचा हुकूम दिला तर कंट्रोल, म्हणजे यंत्राचा संगणक, अलार्म देतो, कारण तिथे बसायला दाताच नाही. अशा वेळी पहिल्या जातीचा, कुठेही थांबणारा अक्ष घ्यावा लागतो. तो नेमका कुठे आहे हे एनकोडर सांगतो. काचेच्या गोल चकतीवर हजारो बारीक रेघा असतात. १८,००० रेघा असतील तर दोन रेघांमध्ये ७२ विकला येतात, आणि त्यांचेही बारीक तुकडे इलेक्ट्रॉनिक मंडल करतं. ही चकती केंद्रापासून एक मायक्रॉन जरी सरकून बसली, आणि रेघांची त्रिज्या ५० मिलिमीटर असली, तर चार विकलांची चूक पडते. उपाय सुंदर आहे. रेघा वाचणारे दोन डोळे समोरासमोर बसवतात. एका डोळ्याला चूक जितकी पुढे दिसते तितकीच दुसऱ्याला मागे दिसते, आणि सरासरीत ती नाहीशी होते.

याच अक्षावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची खरी परीक्षा होते. ९२ खाचांसाठी कोणी ‘जी ९१’ देऊन, म्हणजे आत्ता आहोत तिथून इतकं पुढे जा असं सांगून, दर वेळी ३.९१३ अंश फिरवले असं समजा. तीन दशांशांपुढचं सगळं छाटलं गेलं. ३.९१३ गुणिले ९२ म्हणजे ३५९.९९६. प्रत्येक पावलात राहिलेली अगदी नगण्य चूक साठत जाते आणि शेवटच्या खाचेशी ०.००४ अंशांची, म्हणजे चौदा विकलांहून थोडी जास्त, तूट येते. एक मीटर त्रिज्येवर ती सत्तर मायक्रॉन भरते. एका केसाची जाडी! ब्याण्णव खाचांपैकी शेवटची फट बाकीच्यांपेक्षा तेवढी मोठी, आणि ड्रॉइंगवर ती चकती नापास.

त्याऐवजी ‘जी ९०’ द्यायचं. म्हणजे प्रत्येक खाचेचं शून्यापासूनचं अंतर वेगळं काढायचं. दुसरी खाच ३.९१३ वर, तिसरी ७.८२६ वर, चोविसावी बरोबर ९० वर, सत्तेचाळिसावी बरोबर १८० वर. इथेही आकडे छाटले जातात, पण एका खाचेची चूक दुसरीकडे जात नाही. कुठलीही खाच अंशाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा जास्त चुकत नाही. यंत्र तेच, टूल तेच, ऑपरेटर तोच. फरक फक्त मोजणी कुठून सुरू करायची एवढाच. लोखंडी प्लेटला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. संगणकाला तो पडतो, आणि म्हणून संगणकासमोर बसणाऱ्याला अपूर्णांक पक्के यावे लागतात.

वर्तुळाचा आणखी एक स्वभाव कंट्रोलला शिकवावा लागतो. सरळ अक्षावर ३५० वरून १० वर जायचं तर ३४० घरं मागे जावं लागतं. वर्तुळावर नुसतं वीस अंश पुढे गेलं की पोचलो. ३६० आणि शून्य ही एकच जागा आहे हे कंट्रोलच्या पॅरामीटरमध्ये नोंदवलेलं असतं, आणि जवळची वाट कोणती हे तो स्वतः ठरवतो. ही नोंद चुकली तर टेबल लांबच्या वाटेने वळतं, आणि फिक्स्चरवरचे पाइप आणि केबल त्याच्याभोवती गुंडाळले जातात.

हे सगळं रत्नागिरीत कुठे भेटतं? मिरकरवाडा बंदरात उभ्या असलेल्या यांत्रिक मच्छीमार नौकांपासूनच सुरुवात करा. इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो. त्याच्या लोखंडी घराला दोन समोरासमोरच्या भिंतींत बेअरिंगची भोकं असतात आणि दोन्ही एकाच रेषेत यावी लागतात. एचएमसीवर पहिलं भोक बी शून्यावर बोअर करतात, टेबल १८० अंश फिरतं आणि दुसरं भोक पलीकडून होतं. या अर्ध्या फेऱ्यात पाच विकलांची चूक झाली, तर मध्यापासून दोनशे मिलिमीटरवर भोक जवळजवळ पाच मायक्रॉन सरकतं. तेवढं चालतं. पन्नास विकला चुकल्या तर पन्नास मायक्रॉन सरकतं, शाफ्ट तिरका बसतो, बेअरिंग तापतं आणि जाळी टाकलेली असताना नौका समुद्रात बंद पडू शकते. नौकेच्या तांडेलाला बी अक्ष ठाऊक असायचं कारण नाही, पण त्याची फेरी त्या अक्षाच्या भरवशावर चालते.

साध्या सीएनसी लेथवरही इंडेक्सिंग आहेच. त्याचा टरेट म्हणजे आठ किंवा बारा टूल धरणारं चाक. बारा जागा, प्रत्येकी तीस अंश. टूल बदलायचं म्हटलं की टरेट सुटतो, फिरतो आणि दात्यांवर बसतो. एका पाळीत तो शेकडो वेळा हे करतो आणि दर वेळी टूलचं टोक काही मायक्रॉनच्या आत जुन्याच जागी येतं. पाच अक्षांच्या महागड्या यंत्रांवरही बरंचसं काम ‘तीन अधिक दोन’ पद्धतीने होतं. दोन फिरते अक्ष जॉब हव्या त्या कोनात नेऊन घट्ट धरतात आणि मग उरलेले तीन सरळ अक्ष कापतात. पाचही अक्ष एकदम हलू शकत असताना कारागीर दोन अक्ष मुद्दाम बांधून ठेवतो, कारण धरलेला अक्ष हलत्या अक्षापेक्षा ताठ असतो.

शेवटी सगळ्यात खोल प्रश्न. टेबलाने नव्वद अंश म्हणून दाखवले ते खरोखर नव्वदच आहेत, हे कशावरून? लांबी तपासायची तर बाहेरून प्रमाण आणावं लागतं. मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली आहे, आणि ती साखळी प्रयोगशाळेतून कारखान्यातल्या स्लिप गेजपर्यंत येते. कोनाला बाहेरच्या प्रमाणाची गरज नाही. समजा माझ्याकडे एक ठोकळा आहे. तो अंदाजे तीस अंशांचा आहे, नेमका किती ते मला ठाऊक नाही. टेबलाचे बारा भाग मी त्या ठोकळ्याशी एकेक करून ताडून पाहिले आणि प्रत्येक भाग ठोकळ्यापेक्षा किती विकला जास्त किंवा कमी एवढंच लिहिलं. बारा फरकांची बेरीज २४ विकला जास्त आली. पण बारा भाग मिळून वर्तुळ होतं आणि वर्तुळ ३६० अंशांचंच असतं. म्हणजे ठोकळा तीस अंशांपेक्षा दोन विकला कमी आहे. बाहेरचं काहीही न आणता ठोकळाही कळला आणि टेबलाच्या प्रत्येक भागाची चूकही कळली. प्रयोगशाळेत बारा आरसे असलेला बहुभुज आणि ऑटोकोलिमेटर वापरून हेच करतात, किंवा दोन इंडेक्स एकावर एक ठेवून एकाला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे फिरवत दोघांच्याही चुका एकदम काढतात.

मला या विषयातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. वर्तुळ पूर्ण होतं म्हणून ते स्वतःचं प्रमाण स्वतःच असतं. हिर्थचे दाते एकमेकांच्या चुका खोडतात ते त्याचमुळे, एनकोडरचे समोरासमोरचे डोळे खरं सांगतात ते त्याचमुळे, आणि ९२ खाचांची गोष्ट पहिल्या खाचेवर येऊन संपते तीही त्याचमुळे. संगणकाने या कामाला वेग दिला, स्मरणशक्ती दिली. अचूकतेचा पाया मात्र भूमितीनेच घातला.

रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमीसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, मिरजोळ्याची एमआयडीसी आहे. शहरातल्या आणि तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांनी नववी-दहावीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी चालू वर्कशॉप दाखवायला न्यावं. तिथे त्यांना आधी हाताचं डिव्हायडिंग हेड फिरवू द्यावं, पिन भोकात बसल्याचा आवाज ऐकू द्यावा आणि मग संगणकी टेबलासमोर उभं करावं. भूमितीच्या पुस्तकातलं वर्तुळ आणि चाळीस भागिले ब्याण्णव हा अपूर्णांक त्या दिवसानंतर त्यांना निराळा दिसेल. आणि ज्या घरातलं पोर मशिनिस्ट ट्रेड शिकतंय त्या घराने त्याचा अभिमान बाळगावा. ते दोन हातांनी वर्तुळाचे नेमके भाग करायला शिकतंय, आणि ही विद्या ज्याला येते त्याला यंत्रांच्या दुनियेत काम शोधत फिरावं लागत नाही.